डुकरावर तिकीट खपत नाही

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत एखाद्याचा पाय गुडघ्याखाली नसेल, तर लोक त्याला एकच प्रश्न विचारतात आणि उत्तरही त्यातच घालून देतात. "वाघ का जी?"

माझं उत्तर रानडुक्कर असं आहे. खरं तर डुकरानंही काही केलं नाही. ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे येताना वैनगंगेचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या लागतात. डुक्कर एका बांधीतून दुसऱ्या बांधीत निघालं होतं, मी मोटारसायकलवर घरी निघालो होतो, आणि दोघांपैकी कोणीच "आधी आपण" म्हणालं नाही. डुक्कर उठलं, अंग झटकलं आणि निघून गेलं. मला नागपूरला नेलं. परत आलो तेव्हा डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं उरला होता. हकिकत एवढीच. ती सांगायला अर्धं मिनिट पुरतं. पुढचा सगळा वेळ ऐकणाऱ्याची समजूत घालण्यात जातो.

"डुक्कर? निरं डुक्कर?"

वर्गणी घेऊन नाटक रद्द करणाऱ्या माणसाकडे गाव ज्या नजरेनं बघतं, त्या नजरेनं तो माझ्याकडे बघत असतो.

मी नागपूरच्या खाटेवर होतो तेव्हाच गावानं आपल्या पातळीवर चौकशी आटोपून चार निष्कर्ष काढले होते. पहिला अर्थातच वाघ. अपघात मंगळवारी झाला होता आणि ताडोबा मंगळवारी पर्यटकांना बंद असतं. तेव्हा सुटीच्या दिवशी वाघ फिरायला बाहेर पडला असणार, हे चहाच्या टपरीवर बहुमतानं ठरलं. ताडोबापासून आमच्या पुलापर्यंतचं अंतर त्यानं एका सुटीत कसं कापलं, हे कोणी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. ब्रह्मपुरीच्या जंगलात स्थानिक वाघ भरपूर आहेत आणि त्यांना साप्ताहिक सुटी नाही.

दुसरा निष्कर्ष हत्ती. २०२१ च्या ऑक्टोबरात ओडिशाकडचा रानटी हत्तींचा कळप छत्तीसगडमार्गे गडचिरोलीत आला. तेव्हापासून आमच्याकडे कुंपण मोडलं, धान तुडवलं, केळी गेली, की पहिलं नाव हत्तीचं निघतं. काहींनी माझा पायही त्याच खात्यावर टाकला.

तिसऱ्या निष्कर्षासाठी थोडा भूगोल लागतो. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. दोन्हींच्या मधून वैनगंगा वाहते. म्हणजे एका काठावर दुकान, दुसऱ्या काठावर कायदा आणि मध्ये पूल. अशा पुलावरून रात्री साडेनऊला गडचिरोलीच्या दिशेनं येणारा माणूस ब्रह्मपुरीला मिशी आणायला गेला होता, यावर कोणाचा विश्वास बसणार? मी खरोखर मिशी आणायला गेलो होतो. नाटकाची. डिंकाच्या बाटलीसकट. आणि अपघाताच्या जागी लोकांना फुटलेली बाटली सापडली, ती डिंकाचीच होती, हे मी आजतागायत सांगतो आहे.

चौथा निष्कर्ष डुक्कर. तो फक्त माझ्या बायकोचा होता, आणि घरची साक्ष म्हणून तो धरला गेला नाही.

एक मात्र नोंदवून ठेवतो. आमच्या आसपास ज्या घरांतलं माणूस मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला रानात गेलं आणि परत आलं नाही, त्या घरांतून मला "वाघ का जी?" हा प्रश्न कधीच आला नाही. ती माणसं आली, बसली, चहा घेतला, धानाचा भाव विचारला आणि गेली.

तर ती मिशी. ती झाडीपट्टीच्या नाटकाची होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. धान कापून झालं, दिवाळी आटोपली, की गावोगावी मंडई भरते. दिवसा शंकरपट, सिंगाडे, जिलेबी, आणि रात्री नाटक. हे होळीपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे सरकारी कागदावरचं देसाईगंज, हे याचं माहेर. तिथं नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत आणि गावकरी बैलजोडी पारखावी तितक्या गंभीरपणे नाटक ठरवून येतात. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं आणि कोंबड्याच्या आरवण्यानं संपतं. प्रेक्षक हजारांत असतात, तनशीवर चादर पांघरून बसलेले. गाणं आवडलं तर पुन्हा म्हणायला लावतात. नाही आवडलं तर तसंही कळवतात. गडचिरोलीतल्या गुरनोलीच्या डॉ. परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर पाच हजारांवर प्रयोग केले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा माझ्या एका पुणेकर मित्राचा अभिनंदनाचा फोन आला आणि फोन ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "झाडीपट्टी हे गाव कुठल्या तालुक्यात येतं रे?"

आमचं मंडळ मात्र हौशी. कंपनीचं नाटक गावात येतंच, पण मंडईच्या दुसऱ्या रात्री गावची मंडळी स्वतःचं नाटक करतात. ही प्रथा आमच्या आजोबांपासून आहे आणि ती बंद करायची कोणाची हिंमत नाही, कारण सगळ्यांच्या आजोबांनी त्यात काम केलेलं आहे. निवृत्त पोस्टमास्तर आमचे दिग्दर्शक. किराणावाले शेठ खजिनदार. नायिका तेवढी नागपूरची. हंगामात तिला रोज वेगळं गाव आणि वेगळं नाटक असतं, त्यामुळे ती प्रयोगाच्या दिवशी संध्याकाळी जीपमधून उतरते आणि पहिला प्रश्न विचारते, "यात माझा नवरा कोण?"

तो नवरा कोण, हा प्रश्न आमच्या मंडळातही दरवर्षी उपस्थित होतो. उमेदवार दोन. एक मी, शाळामास्तर. दुसरे विविध कार्यकारी सोसायटीचे सेक्रेटरी. नाटक हे मंडळाचं वर्षातल्या एका रात्रीचं काम आहे. उरलेलं वर्ष आम्ही दोघं भांडतो आणि बाकीचे ऐकतात. एकदा "आई, तुझ्या दुधाची शपथ" हे वाक्य कोणी म्हणायचं यावरून आम्ही एक अख्खा खरीप हंगाम बोललो नव्हतो. त्या वर्षी माझ्या बायकोला पीककर्जाचा फॉर्म आणायला सेक्रेटरींच्या बायकोकडे मागच्या दारानं जावं लागलं.

हे सगळं आधी सांगायला हवं होतं, कारण त्याशिवाय मी परत गेलो त्या संध्याकाळी काय झालं ते कळणार नाही.

नवा पाय बसवून, काठी घेऊन, मी समाजमंदिरात तालमीला गेलो. आत शिरलो आणि सगळे उभे राहिले. मला तिथंच शंका आली. इतक्या वर्षांत माझ्यासाठी तिथं कोणी उभं राहिलं नव्हतं. शेठ तर वर्गणी द्यायलाही उठत नाहीत. सेक्रेटरींनी खुर्ची ओढली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली आणि म्हणाले, "बसा जी गुर्जी."

मी म्हणालो, "यंदा नायक मी करणार."

"करा ना जी," सेक्रेटरी म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांनी पाय कापायचा आहे म्हणून सांगितलं तेव्हा इतकी भीती वाटली नव्हती.

"आणि आईच्या दुधाची शपथ?"

"ते पण तुमीच घ्या."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पोस्टमास्तरांकडे पाहिलं. ते छताकडे पाहत होते. शेठनी विषय बदलला आणि माझा सत्कार ठेवल्याचं जाहीर केलं.

आपल्याकडे एखाद्या माणसाकडून आता कोणतीही अपेक्षा नाही, हे चारचौघांत सांगायची रीत म्हणजे सत्कार. निवृत्त झाला, सत्कार. निवडणुकीत पडला, सत्कार. शाल पांघरली की माणसाचे दोन्ही हात आत अडकतात आणि वर नारळ दिला की उरलेली हालचाल बंद होते. मी विचारलं, "आणि भूमिका?" तर शेठ म्हणाले, "पहिले सत्कार तं होऊ द्या." सत्कार झाला. पडदा उघडण्याआधी, प्रेक्षकांपुढे. भाषणात माझ्या जिद्दीचं कौतुक झालं, आणि वक्त्यानं मी वाघाच्या जबड्यातून परत आल्याचा उल्लेख केला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. मी माइककडे हात केला, पण हात शालीत होता. त्या वर्षी मला पहिल्या रांगेत बसवलं आणि नायकाचं काम सेक्रेटरींनी केलं, माझ्याकडे दर दोन मिनिटांनी क्षमायाचनेनं बघत. प्रेमप्रवेशातही. नायिकेनं त्यांना हळूच विचारलं, "ते कोण आहेत?"

त्यानंतर मला पदं मिळत गेली. मार्गदर्शक झालो. सल्लागार झालो. मंडळात सल्लागार म्हणजे ज्याला तालमीची वेळ कळवत नाहीत तो. मी तक्रार केली, तेव्हा मोठ्या मनानं मला प्रॉम्प्टर केलं.

आमच्या मंचावर प्रॉम्प्टर पुढच्या बाजूला खणलेल्या खड्ड्यात बसतो, म्हणजे प्रेक्षकांना दिसत नाही. एक पाय नसलेल्या माणसाला बसून करायचं काम द्यावं, इथपर्यंत मंडळाचा विचार झाला होता. ते काम जमिनीच्या खाली आहे, हे खड्ड्याच्या काठावर लक्षात आलं. चौघांनी मला आत सोडलं. दुसऱ्या अंकात मला लघवीला जायचं होतं. चौघांपैकी दोघं त्या वेळी मंचावर एकमेकांचा खून करत होते. मी खालून "आटपा रे" म्हणालो, आणि मेलेल्या माणसानं सवयीनं ते वाक्य मोठ्यानं म्हटलं.

या काळात घरी भेटायला येणाऱ्यांचा एकच विषय होता : सुधा चंद्रन. त्यांची सगळी माहिती माझी तोंडपाठ झाली आहे. १९८१ मध्ये अपघात, उजवा पाय गेला, जयपूर फूट बसवला, १९८४ मध्ये पुन्हा भरतनाट्यम, पुढे त्यांच्याच आयुष्यावर चित्रपट निघाला आणि त्यात नायिका त्याच. त्यांच्याबद्दल माझ्या मनात फार मोठा आदर आहे. पण ग्रामसेवकापासून दूधवाल्यापर्यंत प्रत्येक जण निघताना "त्या नाचल्या, गुर्जी!" असं म्हणून थांबायचा आणि माझ्या उत्तराची वाट बघायचा. उत्तर एवढंच होतं की त्यांना आधीही नाचता येत होतं. मी दोन पायांवर असतानासुद्धा वरातीत बॅग सांभाळत उभा राहायचो.

भाच्यानं मात्र एक कामाची बाई शोधून दिली. फ्रान्सची सारा बर्नार्ड. त्या काळातली जगातली सगळ्यात गाजलेली नटी. १९१५ मध्ये, वयाच्या सत्तरीत, तिचा पाय कापावा लागला. लाकडी पाय तिला आवडला नाही. तो तिनं सोडून दिला आणि पालखीवजा खुर्ची करून घेतली. महायुद्ध चालू होतं. बाई त्या खुर्चीतून आघाडीवर गेली आणि सैनिकांपुढे नाटकातले प्रवेश करून आली. पुढे १९२३ मध्ये वारेपर्यंत ती काम करतच होती, कधी बसून, कधी कशाला तरी रेलून. मला हे फार पटलं. यात जिद्दीबिद्दीचा आव नव्हता. बाईनं सरळ माणसं कामाला लावली होती. मी ही हकिकत मंडळात सांगितली. शेठनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "उचलणाऱ्यायची रोजी कोण देत होतं?"

उदाहरण शोधायला फ्रान्सला जायची गरज नाही, हेही खरं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठमुक्त, अंध, अपंग, कर्णबधिर असे सगळे कलावंत. मी त्यांचा कार्यक्रम पाहिला आहे. पहिल्या गाण्याला प्रेक्षक हळहळतात. तिसऱ्या गाण्यापर्यंत हळहळ संपलेली असते आणि मागच्या रांगेतून कोणीतरी फर्माईश सोडतो. मला तीच हवी होती. फर्माईश नसेल तर मग शिवी चालली असती. शाल नको होती.

आता पायाबद्दल. जयपूर फूट ही वस्तू साठच्या दशकाच्या शेवटी जयपूरमध्ये जन्माला आली, आणि ती घडवणाऱ्या दोघांत डॉ. प्रमोद करण सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. विलायती पायाला बूट लागतो, आणि बूट घालून माणूस खुर्चीवर बसतो. आपल्या माणसाला मांडी घालायची असते, उकिडवं बसायचं असतं, अनवाणी देवळात जायचं असतं आणि चिखलात रोवणी करायची असते. म्हणून हा पाय रबराचा, बोटांसकट, बुटाशिवाय चालणारा केला. मी तो घालून बांधीत उतरतो. चिखलात जळू लागायची शक्यता निम्म्यानं कमी झाली आहे. डासांचं मात्र तसं झालं नाही. ते दोन पायांचं काम एकाच पायावर भागवतात.

शाळेत गुरुपौर्णिमेला पोरांची पंचाईत होते. पाया पडायचं म्हणजे कोणत्या? हुशार पोरं दोन्हीच्या पडतात. सहावीतल्या एकानं रबरी पायाला बोटानं टकटक केली आणि वर बघून विचारलं, "गुर्जी, आतून आवाज येते का?" त्याला मी विज्ञान प्रदर्शनात घेतलं.

पुन्हा भूमिकेचा विषय मीच काढला. पोस्टमास्तर दोन दिवस विचार करून आले. म्हणाले, 'एकच प्याला' बसवू, गुर्जी सुधाकर करतील. "तुमाले अभिनय कराच नाही लागत. निरं चाला." कल्पना वाईट नव्हती. गडकऱ्यांचा सुधाकर झोकांड्या खातच उतरणीला लागतो. पण दारूबंदीच्या जिल्ह्यात, त्या पुलाच्या पायथ्याच्या गावात, मी मंचावर झिंगत आलो असतो तर प्रेक्षकांनी ते नाटक म्हणून नव्हे, कबुलीजबाब म्हणून पाहिलं असतं. तिसऱ्या निष्कर्षाला मी स्वतःहून पुरावा देणार नव्हतो.

मग खलनायक सुचवला गेला. आपल्या नाटकांत लंगडणारा माणूस दोन प्रकारचा असतो : पहिल्या अंकापासून दुष्ट असणारा, किंवा शेवटच्या अंकात देवीपुढे कुबड्या फेकून चालू लागणारा. दुसऱ्या प्रकारात माझी अडचण उघड होती. पहिल्यात माझी हरकत नव्हती, पण शेठनी मोडता घातला. सत्कार झालेल्या माणसाला लोक शिव्या देणार नाहीत, मग खलनायकाचा उपयोग काय?

अखेर नायकाच्या बापाची भूमिका ठरली. तो पहिला अंक खुर्चीत बसतो आणि दुसऱ्या अंकात मरतो. आमच्याकडच्या नाटकांच्या नावांत कुंकू, रक्त, माय आणि बांगडी यांपैकी दोन गोष्टी लागतातच, आणि बाप मेल्याशिवाय त्या दोन्हींना सुरुवात होत नाही. म्हणजे काम महत्त्वाचं होतं. सेक्रेटरी माझा मुलगा झाले. वयानं ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे आहेत. ते या वेळीही काही बोलले नाहीत, आणि मला वाईट वाटलं.

प्रयोगाच्या रात्री गर्दी दांडगी होती. का, ते मला नंतर कळलं. गुर्जींचा पाय मंचावर निसटणार, अशी बातमी तीन गावांत पसरली होती. पोरं पुढच्या रांगेत जागा धरून बसली होती. शब्दशः माझ्या पायावर डोळे लावून.

पहिला अंक नीट गेला. दुसऱ्यात मुलगा घर सोडून जाताना बापाच्या पाया पडतो. सेक्रेटरी आले, कोसळले, आणि त्यांनी माझा डावा पाय घट्ट मिठीत घेऊन हंबरडा फोडला. ते खरोखर रडत होते. रबरावर ते किती वेळ रडत होते, याचा मला अंदाज येईना, कारण तिथून मला काही कळत नाही. माझं लक्ष समोर होतं. खड्ड्यातला प्रॉम्प्टर "ऊठ बाळा, ऊठ बाळा" असं कुजबुजत होता. मग तो बोलू लागला. मग ओरडला. प्रेक्षकांतून एक म्हातारी म्हणाली, "अगा मास्तर, उठव ना त्याले! केव्हाचा रडून रायला."

मी घाईनं वाकलो. पुढच्या रांगेतली पोरं उभी राहिली. पाय जागचा हलला नाही. मिशी पडली.

ती सेक्रेटरींच्या केसांत पडली आणि तिथंच राहिली. नायक बापाची मिशी डोक्यावर घेऊन घर सोडून गेला. मी बिनमिशीचा मेलो. मरताना मागून आवाज आला, "गुर्जी, बाकी पाय मजबूत आहे हो!" त्यावर जो हशा झाला, तो मी मेल्यावरही थांबेना, आणि त्या हशात मला शालीचा वास कुठं आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाजूच्या गावानं आमचं नाटक त्यांच्या मंडईला मागितलं. हौशी मंडळाला बाहेरगावचं बोलावणं, तेही तिकिटाच्या प्रयोगाचं. शेठ त्याच दिवशी वडशाला जाऊन पोस्टर छापून आले. पोस्टरच्या मधोमध माझा फोटो. माझ्या मागे वाघ, बहुधा एखाद्या कॅलेंडरवरून उचललेला, जबडा उघडलेला. खाली ठळक अक्षरांत : 'वाघाशी झुंज देऊन रंगभूमीवर परतलेले झुंजार कलावंत'. सेक्रेटरींचा फोटो खालच्या कोपऱ्यात, मंडप डेकोरेशनच्या जाहिरातीला चिकटून, पोस्टाच्या तिकिटाएवढा.

"शेठ, डुक्कर होतं ते."

"गुर्जी," शेठ समजुतीनं म्हणाले, "डुकरावर तिकीट खपत नाही."

पोस्टर लागल्यावर तिसऱ्या दिवशी वनखात्याचा एक तरुण कर्मचारी वही घेऊन घरी आला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. वाघानं माणसावर हल्ला केला तर त्याची नोंद लागते, पंचनामा लागतो, आणि त्या बीटमध्ये अशी नोंदच नव्हती. वरून विचारणा झाली होती.

"कोणता वाघ होता जी, गुर्जी?"

तोवर ओसरीवर दहा-बारा माणसं जमली होती. ताडोबातल्या वाघांना माया, मटकासुर, छोटा मटका अशी नावं पडतात. आमच्याकडच्यांना नंबर. त्यामुळे ज्यानं त्यानं आपापल्या माहितीतला नंबर सुचवला. एकानं शपथेवर सांगितलं की वाघीण होती. मी सगळ्यांना गप्प करून डुकराची हकिकत पहिल्यापासून सांगितली. त्या पोराचा चेहरा खुलला. त्या कहाणीनं खूश झालेला तो पहिलाच माणूस. त्यानं वही मिटली, चहा घेतला, आणि मग त्याला काहीतरी आठवलं. भरपाई रानडुकराच्या हल्ल्यालाही मिळते. वाघ, बिबट्या, अस्वल यांच्याबरोबर डुक्करही यादीत आहे.

"पण हल्ला डुकरानं केला, का तुमी?"

मी प्रामाणिकपणे म्हणालो की आम्ही दोघंही फक्त घरी जात होतो. त्यानं वही पुन्हा पिशवीत ठेवली आणि जाताना नाटकाचे दोन पास नेले.

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात पोस्टर भिंतीवर लावलेलं होतं आणि सेक्रेटरी त्याच्यासमोर उभे होते. मी आत गेलो. ते वळले नाहीत. खुर्ची ओढली नाही. दुपट्टा खांद्यावरच राहिला.

"नायक कोण आहे या नाटकात?" त्यांनी पोस्टरला विचारलं.

"तुमी," पोस्टमास्तर म्हणाले.

"मग हा कोण मधात? दुसऱ्या अंकात मरते तो! आणि मी इथं, खाली, मंडपवाल्याच्या फोन नंबरवर!" मग ते माझ्याकडे वळले. "पाय गेला म्हणून का फोटो मोठा करा लागते? आं? मी तीन अंक गातो. तुमी खुर्चीत बसून असता."

मी काठी बाजूला ठेवली. "तुम्ही गाता म्हणूनच फोटो लहान आहे," मी म्हणालो. "लोकांना आधी कळलं तर येणार नाहीत."

"मिशी सांभाळता येत नाही आणि बोलून रायले!"

"मिशी तुमच्या डोक्यावर गेली. केस खरे असते तर चिकटली नसती."

"माझे केस खोटे? गुर्जी, आईच्या दुधाची शपथ..."

"ते वाक्य माझं आहे."

पोस्टमास्तरांनी कंदिलाची वात वर केली आणि भिंतीला टेकून बसले. शेठनी चहा सांगितला, स्वतःच्या पैशानं. रात्री साडेअकराला ठरलं की प्रेसवाल्याकडून नवं पोस्टर छापून घ्यायचं, दोन्ही फोटो एका मापाचे, वाघ मधोमध. प्रेसवाल्यानं फोनवर विचारलं की वाघाचं तोंड कोणाकडे ठेवायचं. यावर अजून एकमत नाही. प्रयोग शनिवारी आहे.